सजद्यातून उठताना



घरातली अम्मी किंवा खाला नमाजला उभी राहते तेव्हा एकदा नीट बघा. सजद्यातून उठताना हात टेकावा लागतो का? वेणी घालताना हात वर ठरत नाहीत का? गुडघा दुखतो म्हणून टेकणं वेगळं आणि मांडीत ताकदच उरली नाही म्हणून टेकणं वेगळं. हे दुसरं फारसं दुखत नाही, म्हणूनच 'कमजोरी आहे', 'नजर लागली' यात महिने जातात.

अशा कमजोरीमागे कधीकधी मायोसायटिस असतो. आजार दुर्मीळ आहे, उगाच घाबरू नका. जंतूंशी लढणारी यंत्रणा यात स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. अनेक रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी सापडतात. कोणती सापडली, यावरून पुढे कुठे बघायचं ते कळतं.

१९८० मध्ये वर्णिलेली 'जो-१' घ्या. हे नाव एका रुग्णावरून पडलं. तिचं लक्ष्य १९८३ मध्ये कळलं: हिस्टिडिन हे अमिनो आम्ल त्याच्या टीआरएनएला जोडणारं एन्झाइम. ते तर प्रत्येक पेशीत असतं! तरी मार बसतो स्नायू, सांधे आणि फुप्फुसांना. म्हणून ही सापडली की छातीही तपासायची.

'एमडीए-५' मला सर्वांत धोकादायक वाटते. तिचं लक्ष्य म्हणजे विषाणूचा आरएनए ओळखणारं प्रथिन. हिच्यात स्नायू जवळपास ठीक असू शकतात, सीपीकेही नॉर्मल येऊ शकतो, पण फुप्फुसं काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. खुणा कातडीवर असतात: पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर पुरळ, बोटांना जखमा. नकाब-हातमोज्यांआड त्या राहून जातात. हवं तर बाई डॉक्टर शोधा, पण दाखवा.

प्रौढांत 'टिफ-१ गॅमा' आली तर कर्करोग शोधावा लागतो. लहान मुलांत मात्र तसा संबंध दिसत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्या अब्बांची काळजी वाटेल. स्टॅटिन ज्या एन्झाइमला रोखतं, त्याविरुद्धच क्वचित अँटीबॉडी तयार होते. मग गोळी थांबवूनही आजार चालूच राहतो, वेगळे उपचार लागतात. पण स्टॅटिनने नुसतं अंग दुखणं म्हणजे हा आजार नव्हे. मनाने गोळी बंद करू नका.

मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड तर नकोच. बरं वाटतं, निदान लांबतं आणि जास्त दिवस घेतलं तर त्यानेही मांड्या दुबळ्या होतात. आधी साधी सीपीके तपासणी करा, मग संधिवाततज्ज्ञाला गाठा. अँटीबॉडीचा रिपोर्ट त्यांनाच वाचू द्या. पुसट पॉझिटिव्ह कधीकधी खोटा निघतो.