खिशांतील चाकूची परीक्षा



चाकू या विषयावर भाषण, असें म्हटलें म्हणजे आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडणें स्वाभाविक आहे. परंतु आज मी ज्या चाकूविषयीं बोलणार आहें तो हाणामारीचा चाकू नव्हे. विद्यार्थ्याच्या, प्रवाशाच्या किंवा कारागिराच्या खिशांत मुकाट्यानें पडून राहणारा आणि वेळ येतांच दहा कामें करणारा असा तो स्वित्झर्लंडचा घडीचा चाकू होय. या चाकूचे शोकी जगभर आहेत. सह्याद्रीचे गड चढणाऱ्या आपल्याकडील तरुणांतहि ते आढळतात. असे दोघे शोकी एकत्र बसले कीं, व्हिक्टोरिनॉक्स सरस कीं वेंगर सरस, कीं दोहोंना बाजूला सारून अमेरिकेंतील लेदरमन घ्यावें, असा वाद जुंपतो, आणि तो सहसा तडीस जात नाहीं. माझें आयुष्य शिक्षकाच्या व्यवसायांत गेलें. उत्तरपत्रिका हातीं घेण्यापूर्वीं गुण कशाला द्यावयाचे हें ठरवावें लागतें, नाहींतर परीक्षा म्हणजे निवळ लहर होऊन बसते. या वादांतहि तेंच होतें. म्हणून या चाकूंची परीक्षा कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम या चाकूचा जन्म कसा झाला तें पाहूं. कार्ल एल्सनर नांवाच्या कारागिरानें १८८४ सालीं श्वीझ प्रांतांतील इबाख या गांवीं चाकू घडविण्याचा कारखाना काढला. पुढें लवकरच स्विस सैन्यानें ठरविलें कीं, प्रत्येक शिपायाजवळ एक घडीचा चाकू असावा. कारणें दोन होतीं. १८८९ च्या नमुन्याची नवी बंदूक खोलावयास डिसमिस लागे. आणि पत्र्याच्या डब्यांतील शिधा खावयाचा तर डबा फोडावयाचें साधन लागे. म्हणून एक पातें, एक टोचा, एक डिसमिस व डबा फोडावयाचें एक अवजार, अशीं चार अवजारें असलेला लांकडी मुठीचा चाकू मुक्रर झाला. पण इतके चाकू वेळेवर करून देईल असा कारखाना खुद्द स्वित्झर्लंडांत नव्हता. पहिले पंधरा हजार चाकू जर्मनींतील झोलिंगेन या गांवाहून आले.

आपल्या शिपायाच्या खिशांत परदेशचा चाकू असावा, हें एल्सनरला रुचलें नाहीं. त्यानें देशांतील चाकू घडविणाऱ्यांचा एक संघ उभारला आणि १८९१ सालींच सैन्याला स्वदेशीं घडलेले चाकू देण्यास आरंभ केला. पण झोलिंगेनचे कारखाने तोच माल स्वस्त देऊं शकत. संघांतील सोबती गळाले आणि एल्सनर कर्जांत बुडाला. स्वदेशीचा उच्चार आपल्या देशानें पुष्कळ ऐकला आहे. तो आचरणांत आणावयास पदरचें किती घालावें लागतें, याचें हें एक उदाहरण आहे.

या संकटांतून त्याला तारलें तें एका युक्तीनें. घडीच्या चाकूच्या पाठीशीं पोलादाची एक कमान असते. पातें उघडतांना ती दबते आणि पातें पुरतें उघडलें कीं ‘टक्’ असा आवाज करून त्याला जागेवर धरते. एल्सनरनें एकाच कमानीवर पुढच्या व मागच्या अशा दोन्ही बाजूंचीं अवजारें बसविलीं. त्यामुळें दोनच कमानींवर सहा अवजारें मावलीं, आणि दुसरें लहान पातें व बूच काढावयाचें मळसूत्र यांची भर पडूनहि चाकू शिपायाच्या चाकूपेक्षां हलका झाला. १२ जून १८९७ रोजीं या चाकूची नोंद झाली. त्याला ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ असें नांव होतें. पण गंमत अशी कीं, सैन्यानें तो अधिकाऱ्यांना सरकारी खर्चानें कधींच दिला नाहीं. ज्याला हवा तो स्वतःच्या पैशानें विकत घेई. १९०९ सालीं एल्सनरची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हां त्यानें मालाला तिचें नांव दिलें. पुढें न गंजणारें पोलाद निघालें. फ्रेंच भाषेंत त्याला जो शब्द आहे त्याचा संक्षेप ‘इनॉक्स’. तो १९२१ सालीं आईच्या नांवाला जोडून व्हिक्टोरिनॉक्स हें नांव तयार झालें.

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. १८९३ सालापासून स्वित्झर्लंडच्या पश्चिमेकडील ज्यूरा या डोंगराळ, फ्रेंच बोलणाऱ्या मुलखांतील एका कारखान्यालाहि सैन्याचें काम मिळूं लागलें. तोच कारखाना पुढें देलेमाँ गांवीं थिओडोर वेंगर यांच्या नांवानें प्रसिद्धीस आला. इबाख जर्मन बोलणारें, देलेमाँ फ्रेंच बोलणारें. एकाच राष्ट्रांतील या दोन भाषांच्या भागांत पक्षपात झाला असें कोणीं म्हणूं नये, म्हणून १९०८ सालीं सरकारनें सैन्याच्या चाकूंची मागणी दोघांत निम्मी निम्मी वाटून दिली. दोघांच्याहि चाकूवर पांढरा क्रूस. एकाचा ढालीवर, दुसऱ्याचा कडा गोलावलेल्या चौकोनांत. दोघांनाहि एकच नमुना सैन्याकडून मिळे, पण बाजारांत विकावयाच्या चाकूंत प्रत्येकानें आपापली अक्कल चालविली. शोकी लोकांचा वाद उत्पन्न झाला तो येथें.

आतां कसोट्या पाहूं. पहिली कसोटी पोलादाची. नवखा ग्राहक विचारतो, ‘याचें पोलाद किती कठीण?’ पण पोलाद जितकें कठीण तितकें चांगलें, ही समजूत बरोबर नव्हे. फार कठीण पोलाद ठिसूळ होतें आणि त्याचा टवका उडतो. फार नरम असलें तर धार टिकत नाहीं. आपल्या लोहारालाहि हें ठाऊक असतें, म्हणून तो कोयत्याला एक पाणी देतो आणि पहारेला निराळें देतो. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंत हीच दृष्टि आहे. कठिणपणा मोजण्याचें रॉकवेल नांवाचें माप आहे. त्या मापानें या चाकूचें पातें ५६, कात्री, करवत व कानस ५३, डिसमिस, टोचा व डबा फोडावयाचें अवजार ५२, आणि मळसूत्र व कमानी ४९ ठेवतात. कमान लवली पाहिजे, डिसमिस पिरगळतांना तुटतां कामा नये, आणि पात्याची धार राहिली पाहिजे. एका मुठींत राहणाऱ्या या भावंडांना प्रत्येकाच्या कामाप्रमाणें पाणी दिलेलें आहे. वर्गांतील सर्व मुलांना एकाच छडीनें हांकणाऱ्या आम्हां मास्तरांनीं यांतून कांहीं शिकण्यासारखें आहे.

दुसरी कसोटी घडणीची. वेंगरच्या कात्रीच्या पात्याला बारीक दांते असत, त्यामुळें दोरा किंवा कागद घसरत नसे. व्हिक्टोरिनॉक्सची कात्री गुळगुळीत, आणि तिची इवलीशी कमान तुटली तर नवी बसवितां येते. डबा फोडतांना व्हिक्टोरिनॉक्सचें अवजार पुढें पुढें कापीत जातें, तर वेंगरचें उलट दिशेनें चाले. ज्याच्या हाताला जी संवय, त्याला तेंच सरळ वाटे. वेंगरनें अलीकडच्या काळांत मूठ तळहाताच्या वळणाप्रमाणें गोलावली, तर इबाखच्या कारखान्यानें आपली सपाट मूठ बहुतांशीं तशीच ठेवली. यांत एक खरा आणि दुसरा खोटा असा निवाडा करतां येत नाहीं. दोन कुशल माणसांनीं एकच उदाहरण दोन रीतींनीं सोडविलें, आणि दोघांचें उत्तर बरोबर आलें, एवढेंच म्हणतां येईल.

तिसरी कसोटी संख्येची; आणि सर्वांत फसवी तीच. व्हिक्टोरिनॉक्सचा १९८५ सालचा ‘स्विसचँप’ नांवाचा चाकू तेहेतीस कामें करतो. त्यांत भिंग आहे, करवत आहे, माशाचीं खवलें काढावयाचें साधनहि आहे. वजन १८५ ग्रॅम. येथवर ठीक आहे. पुढें वेंगरनें २००७ च्या सुमारास एक महाचाकू काढला. त्यांत सत्त्याऐशीं अवजारें व एकशें एकेचाळीस कामें होतीं, आणि त्याचें वजन किलोच्या वर गेलें. जागतिक विक्रमांच्या पुस्तकांत त्याची नोंद झाली खरी. पण तो कोणाच्या खिशांत मावणार? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे आहे ती उगीच नव्हे. या उलट व्हिक्टोरिनॉक्सचा ‘क्लासिक’ हा चाकू पहा. लांबी ५८ मिलिमीटर, वजन जेमतेम २१ ग्रॅम. त्यांत लहान पातें, कात्री, टोंकाशीं डिसमिस असलेली नखांची कानस, चिमटा व दांतकोरणें. नित्याच्या दहांपैकीं आठ कामें यानें भागतात, आणि किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकविला तर आहे याची आठवणहि राहत नाहीं. चाकूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे गरजेच्या वेळीं तो जवळ असणें. १९९५ सालीं कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड हे रशियाच्या ‘मीर’ या अंतराळस्थानकाच्या दाराशीं पोंचले, तेव्हां घट्ट बांधलेलें दार उघडावयास त्यांना स्विस चाकूच उपयोगी पडला. त्या वेळीं तो किती कामें करतो हें कोणीं मोजलें नाहीं. तो जवळ होता, इतकेंच पुरलें.

चौथी कसोटी कामाच्या जातीची. टिम लेदरमन नांवाचा एक अमेरिकन अभियंता १९७५ सालीं पत्नीसह एका जुन्या फियाट मोटारींतून युरोपांत फिरत होता. मोटार वरचेवर बिघडे, मुक्कामाच्या ठिकाणचे नळ गळत. खिशांतील बालवीराच्या चाकूनें कापणें, टोचणें होई. पण घट्ट बसलेला नट पकडून फिरविणें कांहीं साधेना. यांतून त्याला पोटांत पक्कड असलेल्या चाकूची कल्पना सुचली. घरीं परत येऊन त्यानें कित्येक वर्षें नमुने केले. १९८० सालीं पेटंट मिळालें, पण गिऱ्हाईक मिळेना. चाकूवाल्यांना ती वस्तु चाकू वाटेना, आणि हत्यारवाल्यांना ती हत्यार वाटेना! अखेर १९८३ सालीं एका मित्राच्या भागीदारींत त्यानें स्वतःच विक्री सुरू केली. पहिल्या वर्षीं चार हजार नग खपतील अशी आशा होती. खपले सुमारें तीस हजार. पुढें खुद्द व्हिक्टोरिनॉक्सलाहि पक्कडवालें अवजार काढावें लागलें. तेव्हां लेदरमन चांगलें कीं स्विस चाकू चांगला, हा प्रश्नच मुळांत नीट मांडलेला नाहीं. ज्याला तारा, नट, स्क्रू यांशीं काम, त्यानें पक्कडवालें घ्यावें. तें पावशेराच्या आसपास वजन त्याला खिशांत किंवा कमरेला वागवावें लागेल. ज्याला फळ, दोरी, कागद कापावयाचा आहे, त्याला घडीचा चाकूच बरा.

आतां या दोन स्विस घराण्यांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत विमानांचा घातपात झाला, आणि त्यानंतर प्रवाशांना विमानांत चाकू जवळ बाळगण्याची जगभर बंदी झाली. विमानतळांवरील दुकानांतून हे चाकू फार खपत. तो खप एकदम बसला. व्हिक्टोरिनॉक्सची चाकूंची विक्री सुमारें तीस टक्क्यांनीं उतरली. तरीहि त्या कारखान्यानें मंदीच्या कारणावरून एकाहि कामगाराला घरीं बसविलें नाहीं. बऱ्या दिवसांत गांठीं ठेवलेला पैसा कामीं आला, आणि कांहीं कामगारांना कांहीं काळ इतर कारखान्यांकडे उसनें पाठविलें. वेंगरला मात्र हा आघात सोसला नाहीं. एप्रिल २००५ मध्यें व्हिक्टोरिनॉक्सनें वेंगर विकत घेतलें, आणि २०१३ सालीं वेंगरचे चाकूहि आपल्याच नांवाखालीं आणण्याचें जाहीर केलें. देलेमाँचा कारखाना बंद केला नाहीं. तेथील घडणीच्या कांहीं चाकूंना त्या गांवाचेंच नांव दिलें. परंतु आज वेंगर या नांवाचा नवा चाकू निघत नाहीं. तें नांव घड्याळें व प्रवासाच्या पिशव्या यांवर उरलें आहे.

प्रतिस्पर्ध्याचा कारखाना घेऊन तेथील माणसांच्या हाताला काम ठेवणें हें औदार्य आहे, आणि व्यवहारांत तें विरळा दिसतें. तरी एक गोष्ट हरपली ती हरपलीच. जवळजवळ शंभर वर्षें या दोघांनीं एकमेकांना ढिलें पडूं दिलें नाहीं. एकाच्या कात्रीला दांते होते म्हणून दुसऱ्याला आपल्या कात्रीचा पुन्हां विचार करावा लागे. आज शोकी लोक जुन्या बाजारांत वेंगरचे चाकू शोधीत हिंडतात, तें केवळ जुन्याच्या हौसेनें नव्हे. एकाच प्रश्नाचें दुसरें बरोबर उत्तर नाहींसें होऊं नये, अशी ती तळमळ आहे. आणि काळ अजूनहि बदलत आहे. चाकू बाळगण्यावर देशोदेशीं वाढत चाललेले निर्बंध पाहून, पातें नसलेलें खिसे-अवजार आपण तयार करीत आहों, असें व्हिक्टोरिनॉक्सनें २०२४ सालीं सांगितलें. ज्या वस्तूचें नांवच चाकू, तिच्यांतून पातें निघण्याची ही पाळी!

शेवटीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. या चाकूंपैकीं बऱ्याच चाकूंचीं पातीं कमानीच्या जोरावर उभीं असतात, त्यांना खिटी नसते. म्हणून टोंकावर जोर देऊन भोंक पाडूं नये, पातें मिटून बोटें कापतील. त्या कामाला टोचा दिलेला आहे. पात्यानें स्क्रू फिरवूं नये. फळ कापल्यावर चाकू कोमट पाण्यांत उघडझाप करून धुवावा, पुरता वाळवावा, आणि सांध्यांत तेलाचा एक थेंब सोडावा. इतकें केलें तर बापाचा चाकू मुलाच्या हातीं सहज जाईल. विमानानें जावयाचें असेल तर मात्र तो मोठ्या सामानांत ठेवण्यास विसरूं नये.

चाकू घेतांना दुकानदार अवजारें मोजून दाखवील. आपण त्याला थांबवावें, आणि गेल्या महिन्यांत आपल्याला कोणकोणत्या वेळीं चाकूची आठवण झाली तें मनाशीं मोजावें. त्या कामांना जो पुरेल आणि खिशाला जो जड होणार नाहीं, तोच आपला चाकू. मग त्यावर क्रूस कोणत्याहि आकारांत असो. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.