विसरणाऱ्या माउलींची वारी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात हर्णे येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

शंभर वर्षांत कोण कोण चाललं, कुणी अन्नदान केलं, हे सगळं स्मरणिकेत येणारच आहे. आम्हाला आज आमची एक चूक सांगायची आहे.

आपल्या बंदराचा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, ते ३१ जुलैपर्यंत. आषाढी बहुधा त्यातच येते. म्हणून तर दर्यावरची माणसं निर्धास्त वारीला निघतात. आमचे एक आबा असेच वर्षानुवर्षं चालले. तरुणपणी माळ घातली, ताटातली मासळी सुटली. हरिपाठ असा तोंडपाठ, की चुकणाऱ्याला ते नुसत्या नजरेनं सावरत.

पुढे पुढे आबा तेच तेच विचारू लागले. जेवण झालं की घटकाभरानं म्हणत, ‘आज पंगत नाही काय रे?’ आम्ही हसलो. कुणी म्हणालं म्हातारचळ, कुणी म्हणालं नाटक करतात. ‘रत्नागिरीला पाठवा यांना,’ असंही एक जण बोलून गेला. मनोरुग्णालय तिथे ब्रिटिश अमदानीपासून आहे, आणि आपण त्या गावाच्या नावाची थट्टा करून ठेवली आहे.

मग लोणंदच्या मुक्कामी ते घडलं. रात्री आबा राहुटीतून उठले नि निघून गेले. त्यांच्या डोक्यात भरती लागली होती, होडी काढायची होती. तिथे कुठला दर्या! पहाटे काकड्याला जागा रिकामी दिसली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. लाखोंच्या गर्दीत कुठे शोधणार? स्पीकरवरून पुकारा केला, चार दिशांना माणसं धाडली. दुपारी सापडले, दुसऱ्याच एका दिंडीत. त्या माउलींनी त्यांना अंघोळ घालून जेवू घातलं होतं. गाव विचारलं तर आबा एवढंच सांगत, ‘बंदर’. हातात टाळ मात्र ठेक्यात चालू होते. खिशात नाव-गाव लिहिलेली साधी चिठ्ठी नव्हती. ती ठेवणं आमचं काम होतं. आम्हाला सुचलंच नाही, कारण आम्ही त्याला आजार मानलाच नव्हता.

तो आजारच आहे, माउली. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०६ साली जर्मनीत त्याच नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा मांडला. चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो. पण चष्मा कशासाठी असतो हेच कळेना, रोजच्या पाखाडीवर वाट चुकू लागली, तर डॉक्टरांकडे जायला हवं. आणि आधीच ‘आता काय उपाय नाही’ म्हणून बसू नये. थायरॉईडची कमतरता, मनाची उदासी, एखादं औषध यांनीही विसर पडतो, आणि तो उपचारानं कमी होऊ शकतो. आपल्या माळकऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बी-१२ हे जीवनसत्त्व मासळी, मटण, अंडी, दूध यांतूनच मिळतं. शाकाहारी माणसात ते कमी पडण्याची शक्यता जास्त. रक्ताच्या तपासणीत कळतं, गोळी-इंजेक्शननं भरून निघतं. माळ काढायची गरज नाही.

आबांचा आजार बरा होणारा निघाला नाही. तेव्हा आम्ही विचारलं, मग करायचं काय? उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळालं. तिथे तिसवाडी आणि बारदेश या दोन तालुक्यांत अशा ८१ कुटुंबांबरोबर एक काम झालं, त्याचा अहवाल २००८ साली छापून आला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केलं. ती सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जायची. आजार समजावून द्यायची, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायची, अडलं तर डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार त्यानं हलका झाला, असं दिसलं. यात मोठी इमारत नाही, यंत्र नाही. माणूस माणसाच्या घरी गेला, एवढंच. हे तर आपल्याला जमण्यासारखं आहे!

कारण आबांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा खरं दुखणं दिसलं ते सूनबाईचं. मुलगा मुंबईला. रात्री आबा उठून कडी काढतात, म्हणून ती दाराशी अंथरूण घालून झोपते. विहीर, चूल, दर्या, सगळ्यांची धास्ती. चार वर्षं तिची वारी नाही. ती म्हणाली, ‘माझ्याच नशिबात पांडुरंग नाही.’ आम्हाला मान वर करवेना.

माउली, पांडुरंग विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, त्यानं देवाला थांब म्हटलं आणि देव थांबला. मग त्या सूनबाईची वारी चुकली कशी म्हणायची? पण असं नुसतं म्हणून आपली सुटका नाही. पुंडलिकालाही रात्रीची झोप लागत असेल. ती त्याला कोण देणार, हा प्रश्न दिंडीचा आहे.

म्हणून शताब्दी वर्षात आम्ही चार गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, साठीपुढच्या प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यात नाव, गाव, दिंडी आणि घरचा फोन लिहिलेलं ओळखपत्र. दुसरी, विसर पडणाऱ्या माउलीला वारीत रात्रंदिवस एक जोडीदार. तिसरी, अशा घरी आठवड्याला दोन तास आपल्यातल्या कुणीतरी बसायचं, म्हणजे घरची बाई बाजाराला जाईल नाहीतर नुसती झोपेल. चौथी, एकादशीचं भजन पाळीपाळीनं त्यांच्या अंगणात. नावं पुसली तरी जुनी चाल पुष्कळदा शाबूत राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांच्याशी बोलताना ‘ओळखा बघू मी कोण’ अशी परीक्षा घेऊ नका. आपणच आपलं नाव सांगा. ते भरती लागली म्हणाले तर वाद घालू नका. ‘चला, बघून येऊ’ म्हणा, अंगणात चार पावलं चाला. आणि सांभाळणाऱ्याचं मन खचत असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. फोन करायला लाजू नका.

आबा आता आम्हाला ओळखत नाहीत. परवा गेलो तर विचारलं, ‘कुठली दिंडी तुमची?’ आम्ही म्हटलं, ‘तुमचीच, आबा.’ त्यांनी सरकून जागा दिली.

मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. आठवड्याचे दोन तास ज्यांना देता येतील त्यांनी जेवणाआधी नाव लिहावं. यंदा त्या सूनबाईला आपण वारीला पाठवणार आहोत. तोवर आबांच्या दाराशी झोपायला माणसं हवी आहेत.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल. रामकृष्ण हरी.