कमल चालते, विमल चालत नाही



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मनापासून मानतो. त्यानंतर आपल्या व्यवसायाच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलायची रीत आहे. ती मोडतो आणि नोंदणीच्या फॉर्मवर येतो. वेबसाइटच्या पहिल्या पानावर आपण महिना घालवतो आणि फॉर्म मात्र आदल्या रात्री जुन्या कुठल्या तरी कामातून उचलून चिकटवतो. तुम्ही हसताय, म्हणजे मी एकटा नाही.

काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्यासाठी मी दुकानदारांच्या नोंदणीचा फॉर्म केला. 23 रकाने. मला तो फार देखणा वाटला होता. मग एका किराणा दुकानात गल्ल्याशेजारी बसून दुकानदाराला तो भरताना पाहिलं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे परत देणं चालू. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून त्यांनी जीएसटी क्रमांक उतरवला. पुढचा रकाना पॅनचा होता. ते म्हणाले, “अहो, आत्ताच तर दिला की!”

त्यांचंच बरोबर होतं. जीएसटी क्रमांकात 15 घरं असतात. पहिल्या दोन घरांत राज्य: महाराष्ट्राला 27, गोव्याला 30. पुढच्या दहा घरांत अख्खा पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी. शेवटचं घर पडताळणीचं, म्हणजे उतरवताना एखादा आकडा चुकला तर जागच्या जागी धरता येतो. एवढं सगळं हातात असताना मी पुढे पॅन, राज्य आणि व्यवसायाचा प्रकार असे तीन रकाने मांडून बसलो होतो. वर जीएसटी सक्तीचा केला होता. मालाच्या व्यापारात 40 लाखांच्या आतल्या उलाढालीला आपल्याकडे सहसा ती नोंदणी लागतच नाही. तसल्या छोट्या दुकानदाराला मी दारातूनच परत पाठवत होतो.

ओटीपी आला. मेसेज पाहायला ते फॉर्मबाहेर गेले, तेवढ्यात कुणी अर्धा किलो साखर मागितली. परत येऊन पाहतात तर फॉर्म कोरा. ते काही बोलले नाहीत, मोबाइल गल्ल्यात ठेवला.

आता फॉर्ममधला पत्ता. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीच्या कल्पनेतून आला. सारख्या नावांची गावं आणि पत्त्यांच्या नाना भाषा, या घोळावर सहा आकड्यांचा तोडगा. आपण मात्र लांबलचक यादीतून आधी राज्य, मग जिल्हा, मग शहर निवडायला लावतो आणि पिनकोड तळाशी मागतो. तो आधी मागा, बाकीचं फॉर्मला भरू द्या. एका पिनकोडात अनेक गावं येतात, तेव्हा गाव बदलायची सोय तेवढी ठेवा.

आता नाव. आपल्यातले बरेच जण नावाच्या रकान्याला ‘फक्त अक्षरं’ अशी अट घालतात. युनिकोडच्या हिशेबात मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नव्हेत, चिन्हं आहेत. त्यामुळे देवनागरीत ‘कमल’ लिहिलं तर फॉर्म पुढे जातो आणि ‘विमल’ लिहिलं की लाल अक्षरांत उमटतं, ‘कृपया योग्य नाव लिहा’. विमलताईंनी आता काय करायचं, नाव बदलायचं? ही चूक मीही केली आहे. चाचणीसाठी मी नेमकं बिनमात्रेचं नाव टाकलं होतं!

नाव, मधलं नाव, आडनाव ही तीन खणांची पेटीही आता पुरणार नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आपल्या राज्याने मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. तमिळनाडूत तर कित्येकांना आडनावच नसतं. ‘पूर्ण नाव’ असा एकच मोठा रकाना द्या.

संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवायची आपली सवय मला लबाडीची वाटते. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यालाही माणसाने स्वतः कृती करून दिलेली संमतीच हवी आहे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोयही तो मागतो. त्यात मराठी आहे.

आपली परिषद दोन दिवसांची आहे. आज रात्री खोलीवर गेलात की स्वतः केलेला एक फॉर्म मोबाइलवर उघडा, देवनागरीत नाव लिहा, मधेच एक फोन घ्या आणि मग तो पुरा करून दाखवा. अडकलात, तर उद्या सकाळच्या सत्राला थोडं उशिरा आलात तरी चालेल.