बालकाचे वय आणि शाळेचे पुस्तक



दि. 1 जुलै 2024 रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तेव्हापासून मुलांना शिक्षा होण्याचे वयही बदलले काय, अशी पृच्छा आम्हांस वारंवार होते. तसे झालेले नाही. 7 वर्षांखालील बालकाचे कृत्य गुन्हा होत नाही. 7 ते 12 या वयात कृत्याचे स्वरूप व परिणाम उमगण्याइतकी समज नसेल, तर तेही नाही. 1860 पासून हे 82 व 83 या कलमांत होते, आता 20 व 21 मध्ये आहे, एवढेच.

बदलत आली ती बालक आणि प्रौढ यांच्यामधील रेषा. आपला भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना तेथील 1928 चा बालक कायदा होता. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, तेथे 1948 चा निराळा. पुढे 1986 चा केंद्रीय कायदा आला व मुलास 16, मुलीस 18 अशी मर्यादा पडली. 2000 च्या कायद्याने दोघांसही 18 केली. 2012 च्या दिल्लीतील अत्याचारानंतर लोकक्षोभ उसळला आणि 2015 चा कायदा झाला. ज्यास किमान 7 वर्षांची शिक्षा आहे अशा घोर गुन्ह्याचा आरोप 16 वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची समज व परिस्थिती तपासून प्रकरण बाल न्यायालयाकडे धाडू शकते, आणि तेथे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी मात्र तेथेही नाही.

तेव्हा एका महिन्याच्या फरकाने मुलाचे आयुष्य पालटते. हे वय ठरते कशावरून? कायद्याने पहिला मान शाळेच्या दाखल्यास किंवा मॅट्रिकच्या प्रमाणपत्रास दिला आहे. ते नसतील तरच ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. आमच्या पिढीतील निम्म्या मंडळींचा जन्म कागदोपत्री 1 जूनचा आहे, हे येथे हसण्यावारी नेण्याजोगे नाही! पहिलीत लवकर बसविण्यासाठी ज्याचे वय वर्षाने वाढवून सांगितले, तो मुलगा न्यायासनापुढेही सामान्यतः वर्षाने मोठाच ठरतो.

उलट बाजूचा दाखला पुण्याचा आहे. 1994 मधील हत्याकांडातील एका आरोपीस 1998 साली फाशीची शिक्षा झाली. राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदवहीवरून, गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केले व त्यास सोडले. तोवर 28 वर्षे तुरुंगात गेली होती. बालक असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही, करता येतो, म्हणून तरी तो सुटला.

जातीच्या दाखल्यासाठी आपण आजोबांची दाखल-खारीज व कोतवाल पुस्तकाची नक्कल शोधीत पवनी, लाखांदूर, मोहाडी पालथी घालतो. तितकीच आस्था नातवाच्या नोंदीविषयी असावी, अशी आमची विनंती आहे. जन्माची खबर 21 दिवसांत द्यावयाची असते, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासाठी जन्मदाखलाच पुरावा धरला जातो.

आणि दुर्दैवाने पोलिसांनी मुलास नेलेच, तर वडीलधाऱ्यांनी शाळेचा दाखला घेऊन तत्काळ ठाण्यावर जावे. त्यास कोठडीत ठेवता येत नाही; प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्यास जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते.