वादळानंतरची धास्ती

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण-देवगडचा किनारा झोडपला, तेव्हा मोडलेल्या होड्यांचे आणि उडालेल्या छपरांचे पंचनामे सरकारदप्तरी दाखल झाले. परंतु एकीकडे कर्ली नदी आणि दुसरीकडे समुद्र अशा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर ज्यांनी ते वादळ सोसले, त्यांच्या अंतःकरणातील धास्तीचा पंचनामा कोणत्या कचेरीने करावा?

संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, आणि त्या क्षणी हे उपकारकच असते. मात्र कर्जाचा हप्ता, जून-जुलैमधील मासेमारीबंदी आणि पुढल्या उधाणाची चिंता यांमुळे तीच अवस्था महिनोन्‌महिने टिकली, की झोप उडते, पचन बिघडते, रक्तदाब चढाच राहू लागतो आणि मधुमेह्याची साखर आवरेनाशी होते.

आपला मनुष्य छातीच्या धडधडीवर औषध मागतो, देवाला गाऱ्हाणे घालतो (मन हलके होत असेल तर ते अवश्य घालावे), पण डॉक्टरांपाशी मनाची व्यथा उच्चारीत नाही, याचे मला फार दुःख वाटते. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेली-मानस’ ही मनाच्या व्यथांसाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा अहोरात्र सुरू असून, तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे मराठीतही बोलता येते.