लष्करी शुश्रूषेची पहिली तुकडी
हैदराबादमधील नल्लकुंट्याच्या ज्वर-रुग्णालयात आज विषमज्वराच्या रोग्याची जी शास्त्रशुद्ध शुश्रूषा सहज घडते, ती एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील लष्करी इस्पितळांना जवळजवळ अपरिचित होती. तेथे अप्रशिक्षित शिपाईच आजारी शिपायाच्या उशाशी बसत, आणि ज्वराने दगावणाऱ्यांची गणना रणात पडलेल्यांहून कमी नसे. सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या पत्नी नोरा यांनी सरकारदरबारी चिकाटीने रदबदली केली, तेव्हा कोठे २८ मार्च १८८८ रोजी प्रशिक्षित परिचारिकांची दहाजणींची तुकडी मुंबई बंदरात उतरली. तीत, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम केलेल्या कॅथरिन ग्रेस लॉक या अग्रणी होत्या. रावळपिंडीची नेमणूक, सरहद्दीवरील मोहिमेतील जखमींची सेवा, आणि या सर्वांत मला अधिक मोलाचे वाटते ते, इस्पितळातील शिपायांना शुश्रूषेचे पाठ देण्याचे अखंड कार्य, असा त्यांचा जीवनक्रम होता. १८९१ साली त्यांना 'रॉयल रेडक्रॉस' हा बहुमान लाभला. १९०४ साली त्या निवर्तल्या. पुढे हिंदुस्थानात भरती झालेल्या परिचारिकांचा लष्करी शुश्रूषेत प्रवेश १९१४ च्या महायुद्धात झाला, आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायमस्वरूपी स्थापन झाली.