संगणक उठेनासा झाला तेव्हा



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्हांस संगणकावर बोलण्याची आज्ञा व्हावी, हे नवलच. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालेलो; केंद्र सरकारच्या नोकरीत जेवढे यंत्रज्ञान अंगी लागले तेवढीच आमची पुंजी. तथापि गेल्या पावसाळ्यात ओढवलेला प्रसंग आपणां सर्वांच्या ठेव्याशी निगडित आहे, म्हणून तो सांगतो.

दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतील मराठी घरांतून जमविलेली जुनी पत्रे व मोडी कागद यांच्या प्रतिमा आपल्या कार्यालयातील संगणकात आहेत. काही मूळ कागद पुढे ओलीने आणि वाळवीने गेले. त्यांची तेवढीच प्रत उरली. हा संगणक लिनक्सवर चालतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते, ही गोष्ट आपल्या कोषाध्यक्षांना विशेष भावली होती.

एका संध्याकाळी आम्ही तिची पॅकेजे अद्ययावत केली, यंत्र पुन्हा सुरू केले, तो काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' हे शब्द! कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्यालाच आपली हार्डडिस्क सापडेना. दुरुस्तीस बोलावलेला तरुण सहज म्हणाला, "बाबूजी, फॉरमॅट कर देते हैं." म्हणजे पाटी पुसून टाकू! आम्ही त्याचा हातच धरला.

पेनड्राइव्हवर लिनक्सची स्वतंत्र प्रत घेऊन आम्ही तिच्यावरून यंत्र चालविले आणि आतली हार्डडिस्क उघडून पाहिली. सारे कागद जागच्या जागी होते. प्रथम ते बाहेरच्या डिस्कवर उतरविले, दोनदा मोजले. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

दोष आमचाच निघाला. मांडणी करतेवेळी 'बूट' हा विभाग आम्ही फार लहान ठेवला होता. नवा कर्नल आला तरी जुने तेथेच राहतात. जागा भरून गेली. नव्या कर्नलला हार्डडिस्क ओळखण्याची साधने पुरविणारी 'इनिटरॅमएफएस' नावाची फाइल त्यामुळे तयारच झाली नाही. तशी सूचना पडद्यावर आली असणार. आम्ही चहाला गेलो होतो.

मग यंत्र सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली. 'ग्रब'ची यादी उघडली, तीतून आधीचा कर्नल निवडला आणि संगणक मुकाट्याने उठला! नको असलेले कर्नल काढले, चालता मात्र राखला. 'डीपीकेजी'कडून अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करविली, ती फाइल नव्याने घडविली, ग्रबची यादी ताजी केली. पाऊण तासाचे काम.

आता कागदांची एक प्रत सचिवांच्या घरी आणि दुसरी आमच्या कपाटात असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या ताज्या कराव्या असे ठरले आहे. या महिन्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.